रबराने घासल्यावर सुरू होणारा संगणक महिन्याभरात पुन्हा का अडतो?

तक्रार बहुतेकांच्या परिचयाची आहे. बटण दाबल्यावर कॅबिनेटमधला पंखा फिरू लागतो, समोरचा दिवा लागतो, मात्र मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे क्षणभर उमटून पडदा काळा होतो. मग ओळखीतला कोणी जाणकार येतो, कॅबिनेट टेबलाखालून ओढून काढतो, मागच्या सगळ्या केबली सोडवतो, झाकण उघडून रॅम, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची स्टिक, बाहेर काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलीच्या रबराने घासतो आणि सगळे पूर्ववत जोडून बटण दाबतो. डिस्प्ले येतो. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच होते, पुन्हा रबर शोधले जाते, आणि हळूहळू घरातल्या सर्वांची अशी समजूत होते की आपल्या संगणकाला हे दुखणे कायमचेच आहे.

रत्नागिरीत माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी हा प्रकार जवळपास वर्षभर चालू होता. पावसाळ्यात तो वाढत असे, त्यामुळे दमट हवेवर खापर फोडणे सोपे होते, आणि ते पूर्णपणे चुकीचेही नव्हते. परंतु मला खटकत होती ती वेगळीच गोष्ट. रबर घासण्याच्या त्या दहा मिनिटांत प्रत्यक्षात चार निरनिराळे उपाय एकाच वेळी घडून जातात आणि श्रेय मात्र एकट्या रबराला मिळते. वीजजोडणी काढल्यामुळे मदरबोर्डावर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य फलकावर, उरलेला विद्युतभार निघून जातो, हा पहिला उपाय. रॅम स्लॉटमधून काढून पुन्हा दाबून बसवताना पट्ट्या आणि स्लॉटमधल्या बारीक स्प्रिंगा एकमेकांवर घासल्या जातात आणि संपर्क आपोआपच स्वच्छ होतो, हा दुसरा. रॅम काढून परत बसवल्यावर काही मदरबोर्ड तिची जुनी जुळणी, म्हणजे तिच्याशी साधलेला वेळेचा मेळ, टाकून नव्याने जुळणी करतात, हा तिसरा. आणि कॅबिनेट ओढताना मॉनिटरची केबल व तिचा कन्व्हर्टर, म्हणजे एका प्रकारची जोडणी दुसऱ्या प्रकारात बदलणारे साधन, सुटून पुन्हा जोडला जातो, हा चौथा. या चारांपैकी नेमक्या कोणत्या उपायाने काम झाले हे कळत नाही, तोपर्यंत बिघाड परत येत राहतो. म्हणून पुढच्या वेळी डिस्प्ले गेला की चारही गोष्टी एकदम करू नयेत. एकावेळी एकच करावी आणि काय केले ते लिहून ठेवावे. मी बहिणीच्या कॅबिनेटला एक कागदच चिकटवला होता, ज्यावर तारीख, आदल्या दिवशी संगणक कसा बंद केला होता आणि काय केल्यावर तो सुरू झाला, अशा मोजक्याच गोष्टी भाच्याने लिहायच्या होत्या.

चित्र उमटण्याआधी काय घडते

रॅममधल्या दोषाची तक्रार मॉनिटरवर का दिसते, हा प्रश्न रास्त आहे, कारण वरवर पाहता या दोन भागांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. बटण दाबल्यावर प्रोसेसर प्रथम मदरबोर्डावरच्या एका छोट्या चिपमधील बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करून देणारा, प्रोग्रॅम वाचू लागतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसतेच, त्यामुळे सुरुवातीचे काम प्रोसेसरच्या आतील छोट्या स्मृतीवरच भागवले जाते. त्यानंतर रॅमच्या प्रत्येक स्टिकवरील एका लहानशा चिपमधून तिची क्षमता, वेग आणि व्होल्टेज यांची माहिती वाचली जाते आणि रॅमची जुळणी सुरू होते, जिला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने ट्रेनिंग म्हणतात. रॅम चालू झाल्यावरच बायोस इतर भागांकडे वळते, चित्र तयार करणारा ग्राफिक्सचा भाग शोधते, मॉनिटरला त्याची ओळख विचारते आणि मग पडद्यावर पहिले अक्षर उमटते. म्हणजेच रॅमच्या पायरीवर गाडी अडली, तर अडली हे सांगण्यासाठी लागणारा पडदाच अजून हाताशी आलेला नसतो.

ही जुळणी इतकी नाजूक का असते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. ३२०० वेगाची डीडीआर४, म्हणजे चौथ्या पिढीची, रॅम प्रत्येक वाहिनीवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या माहितीच्या रस्त्यावर, सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती देते किंवा घेते, म्हणजे एका खेपेला सुमारे ०.३१ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून विद्युतसंकेत जेमतेम ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. अशा ६४ रेषांवरचे संकेत एकाच वेळी पोहोचायचे असतील, तर प्रत्येक रेषेचा विलंब मोजून त्यानुसार क्षण ठरवावा लागतो, आणि ते काम ट्रेनिंगमध्ये होते. एका पट्टीवरचा संपर्क किंचित कमजोर असला किंवा थंड यंत्रात विलंब जरासा बदलला, तरी जी जुळणी काल यशस्वी झाली ती आज होत नाही. सकाळी पहिल्यांदा न लागणारा संगणक दोन-तीनदा बटण दाबल्यावर लागतो आणि मग दिवसभर सुरळीत चालतो, त्यामागचे कारण पुष्कळदा हेच असते.

डीडीआर५ रॅम असलेल्यांसाठी येथे एक इशारा द्यायला हवा. नव्या रॅमसह संगणक पहिल्यांदा सुरू करताना किंवा बायोसची माहिती पुसल्यानंतर ही जुळणी काही मिनिटेही चालू शकते आणि त्या काळात पडदा पूर्ण काळा असतो. अर्ध्या मिनिटात धीर सुटून वीज बंद केली की जुळणी अर्धवट राहते, पुढच्या वेळी ती पहिल्यापासून सुरू होते, आणि धडधाकट संगणक बिघडल्याचा निष्कर्ष काढला जातो. अशा वेळी दहा मिनिटे त्याला हात न लावणे हीच दुरुस्ती असते.

यंत्र जागे नाही, की चित्र पोहोचत नाही?

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी या एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे, कारण पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, दिवे असलेला साधा कीबोर्ड पुरतो. पडदा काळा असताना मिनिटभर थांबून नम लॉकची किंवा कॅप्स लॉकची कळ दाबावी. दिवा दर दाबण्यासरशी लागत आणि विझत असेल, तर बायोस किंवा विंडोज चालू आहे, रॅमची पायरी पार झालेली आहे आणि दोष चित्राच्या मार्गात आहे. दिवा एकदा लागून तसाच राहिला किंवा मुळीच लागला नाही, तर यंत्र आधीच्या पायरीवर अडलेले आहे. स्पीकर जोडलेले असतील तर विंडोजचा सुरुवातीचा आवाजही हेच सांगतो. ही चाचणी इतकी सोपी असूनही दुरुस्तीला येणारे बहुतेक जण ती करत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर रॅमच्या स्लॉटजवळ चार बारीक दिवे असतात, ज्यांच्या शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज सुरू करणे) अशी अक्षरे छापलेली असतात. ते वर सांगितलेल्या क्रमानेच लागतात आणि विझतात. जो दिवा पेटलेला राहतो, त्या पायरीवर काम थांबले आहे असे समजावे. दिवे नसलेल्या मदरबोर्डावर चार पिनांच्या जागी एक छोटा स्पीकर बसवला की तो शिट्ट्या देऊ लागतो. पूर्वी असे स्पीकर कॅबिनेटसोबतच मिळत, आता ते वेगळे घ्यावे लागतात, पण त्यांची किंमत अगदी नगण्य असते. जुन्या अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्यांचा अर्थ ग्राफिक्सचा दोष असा होत असे. इतर बायोसांचे संकेत वेगळे असल्याने अर्थ लावताना आपल्या मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी.

बहिणीच्या घरच्या कागदावर भाच्याने सात प्रसंग नोंदवले होते. त्यांपैकी पाच वेळा नम लॉकचा दिवा निर्जीव होता आणि दोन वेळा तो व्यवस्थित लागत-विझत होता. वर्षभर ज्याला आम्ही एकच दुखणे समजत होतो, ती दोन वेगळी दुखणी निघाली.

दिवा निर्जीव असेल तर

प्रथम रॅम नीट बसलेली आहे का ते पाहावे, आणि हे पाहताना घाई करू नये. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींच्या स्टिकवर २८८ पट्ट्या असतात, मात्र त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एक दुसरीच्या जागी बसत नाही. डीडीआर३ ची २४० पट्ट्यांची स्टिकही तशीच वेगळी असते. जोर लावूनही स्टिक खाली जात नसेल, तर आणखी जोर लावण्याआधी खाच जुळते आहे का ते तपासावे. अनेक नव्या मदरबोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला उघडणारी क्लिप असते आणि दुसरे टोक स्थिर असते. अशा स्लॉटमध्ये क्लिपच्या बाजूने ‘टक’ असा आवाज येतो आणि आपल्याला वाटते की काम झाले, पण स्थिर टोक एक-दीड मिलिमीटर वर राहिलेले असू शकते. बहुधा तेच टोक ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला, अंधारात असते. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही टोके समपातळीत आहेत का ते पाहावे आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखाच दाब द्यावा.

रबराविषयी माझे मत स्पष्ट आहे. पट्ट्यांवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याखाली निकेल आणि त्याखाली तांबे असते. सोने गंजत नाही, परंतु थरात सूक्ष्म छिद्रे असतात, आणि समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत त्यांतून खालच्या धातूवर परिणाम होऊन पृष्ठभागावर पातळ पापुद्रा येऊ शकतो. त्यावर धूळ बसली की ती ओलावा धरून ठेवते. रबर हा पापुद्रा काढते हे खरे, पण त्यासोबत ते सोनेही थोडे थोडे खरवडते, स्वतःचे कण स्लॉटमध्ये सोडते आणि कोरड्या हवेत स्थिर विद्युतही निर्माण करते. दर महिन्याला घासलेली स्टिक वर्षभराने अधिकच लहरी होते, ती यामुळे. त्याऐवजी केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्के शुद्धतेचे, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्ट्या पुसाव्यात, दोन मिनिटे सुकू द्याव्यात आणि स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढावी. तत्पूर्वी वीज बंद करून केबल काढावी, कॅबिनेटचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचे स्थिर विद्युत उतरवावे.

स्वच्छता झाल्यावरही दोष परत येत असेल, तर स्टिक आणि स्लॉट यांपैकी अपराधी कोण हे ठरवावे लागते. दोन स्टिक असल्यास एक काढून ठेवावी आणि दुसरी मदरबोर्डाच्या पुस्तिकेत एका स्टिकसाठी सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावावी. चार स्लॉटांच्या बहुतेक मदरबोर्डांवर हा स्लॉट प्रोसेसरपासून मोजता दुसरा असतो, ज्यावर ए२ असे लिहिलेले असते, आणि दोन स्टिकसाठी दुसरा व चौथा असे स्लॉट वापरायचे असतात. पहिल्या स्लॉटपासून ओळीने लावण्याची सवय येथे नडते. रेषेच्या शेवटचा स्लॉट रिकामा राहिला तर तिच्या उघड्या टोकावरून संकेत परावर्तित होतात आणि वेगवान रॅमची जुळणी बिघडते. एक स्टिक काही दिवस वापरून पाहावी, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी वापरावी, आणि त्यानंतर स्लॉट बदलावा. दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक बदलावी. कोणतीही स्टिक लावली तरी तो एकाच स्लॉटला चिकटून राहिला, तर शंका मदरबोर्डावर किंवा प्रोसेसरच्या सॉकेटवर घ्यावी. रॅमचा नियंत्रक आता प्रोसेसरच्या आतच असल्याने सॉकेटमधली एक वाकलेली पिन किंवा प्रोसेसर थंड ठेवणारा, वाकडा कसलेला कूलर एवढ्यानेही एक पूर्ण वाहिनी गायब होऊ शकते. कूलर बदलल्यानंतर लगेच तक्रार सुरू झाली असेल, तर हीच शक्यता सर्वांत आधी तपासावी.

मात्र बहिणीच्या संगणकात स्टिक आणि स्लॉट दोन्ही निर्दोष होते. त्यात रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर असून संगणकासोबत ८ जीबीची एक स्टिक आली होती आणि वर्षभराने दुकानातून दुसरी ८ जीबीची स्टिक आणून बसवली होती. दोन्हींच्या लेबलावर ३२०० हाच आकडा होता, पण उत्पादक वेगळे होते. येथे लेबलाविषयी थोडे सांगितले पाहिजे. डीडीआर४ ची प्रमाणित विद्युतदाबाची पातळी १.२ व्होल्ट आहे. अनेक स्टिक आपणहून २४०० किंवा २६६६ सारख्या वेगाने, याच दाबावर, चालू होतात. लेबलावरचा वाढीव वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद चालू करावी लागते आणि त्यात दाब सहसा १.३५ व्होल्ट असतो. डीडीआर५ च्या जमान्यात एएमडीने एक्स्पो नावाची अशीच सोय आणली. ही नोंद त्या एका संचाच्या चाचणीवरून ठरवलेली असते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक एकत्र लावून एकीची नोंद दोघींना लागू केली, तर ती जुळेलच याची हमी कोणीही दिलेली नसते, आणि दुकानदार तर हे सांगतच नाही.

यावरून रबराचे गूढही उकलते. एक्सएमपी चालू असताना थंड सकाळी जुळणी फसत होती. रॅम काढून पुन्हा बसवली की त्या मदरबोर्डाचे बायोस सुरक्षित म्हणून मूळ कमी वेगावर परत येत होते, डिस्प्ले येत होता, आणि भाचा खेळाची गती कमी वाटते म्हणून काही दिवसांनी एक्सएमपी पुन्हा चालू करत होता. रबर या साखळीत केवळ उपस्थित होते. याची खातरजमा करण्यासाठी आम्ही पुढच्या वेळी रॅमला स्पर्शही न करता फक्त बायोसची माहिती पुसली, म्हणजे वीजकेबल काढून मदरबोर्डावरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी पाच मिनिटे बाहेर ठेवली, आणि संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. पाच-सहा वर्षे जुन्या संगणकात ही बॅटरी बदलून टाकणेच चांगले. दर वेळी घड्याळ मागे पडत असेल तर ती संपली आहे असे समजावे.

रॅमची अंतिम परीक्षा मेमटेस्ट८६+ या मोफत प्रोग्रॅमने घ्यावी. तो पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून संगणक सुरू करायचा असतो आणि किमान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर, चालू द्यायच्या असतात. एकही चूक दिसली तरी ती जुळणी नापास समजावी. ‘एखादी चूक चालते’ हा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण तीच चूक कधीतरी आपल्या फाइलमध्ये लिहिली जाते.

अर्धी रॅम आणि ग्राफिक्सचा वाटा

डिस्प्ले पूर्ण जाण्याच्या आधी काही दिवस संगणक एक सूचना देत असतो, जी सहसा कोणी वाचत नाही. संपर्क कमजोर झालेली स्टिक काही वेळा नुसती वगळली जाते आणि संगणक उरलेल्या स्टिकवर मुकाट्याने चालू होतो. टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर १६ जीबीऐवजी ८ जीबी दिसली, तर दुसऱ्या स्टिकची तपासणी त्याच दिवशी करावी. १६ पैकी १४ जीबीच्या आसपास वापरण्यायोग्य दिसत असेल, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तेथे प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग मुख्य रॅममधूनच आपला वाटा राखून ठेवतो. तो वाटा किती असावा हे बायोसमध्ये ठरवता येते.

या वाट्यामुळेच अशा संगणकात रॅम आणि चित्र यांचे नाते अधिकच घट्ट असते. ३२०० वेगाच्या डीडीआर४ ची एक वाहिनी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते आणि दोन वाहिन्या ५१.२ जीबी. त्याच रस्त्यावरून प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनाही जायचे असते, त्यामुळे एक स्टिक गळाली की टंकलेखनात फरक जाणवत नाही, पण व्हिडिओ आणि खेळ अडखळू लागतात. रॅममध्ये सौम्य दोष असेल तर पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेघा दिसू शकतात, आणि लोक मॉनिटर दुरुस्तीला नेतात.

दिवा लागत-विझत असेल तर

आता उरलेले दोन प्रसंग. येथे रॅमला हात लावण्याचे काहीच कारण नसते. आधी मॉनिटरच्या बटणांनी त्याचा इनपुट योग्य पोर्टवर आहे का ते पाहावे, कारण ‘ऑटो’वर ठेवलेले काही मॉनिटर दुसऱ्याच पोर्टवर थांबलेले असतात. विंडोजमध्ये पोहोचल्यावर पडदा काळा होत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात, त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

केबल कोणत्या पोर्टला लावली आहे, ही चूक वाटते तितकी क्वचित घडत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना मदरबोर्डावरचा व्हिडिओ पोर्ट बहुतेक वेळा आपोआप बंद केला जातो, म्हणून केबल कार्डालाच लावली पाहिजे. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्सचा भागच चालू नसतो, आणि रायझन ५ ५६०० मध्येही तो नाही, ५६००जी मध्ये आहे. अशा प्रोसेसरसोबत मदरबोर्डावर एचडीएमआयचा पोर्ट दिसतो खरा, पण त्यातून कधीही चित्र येणार नाही. कार्ड काढून तपासू म्हणणाऱ्याने हे आधी पाहावे. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाची सहा किंवा आठ पिनांची वीजजोडणी सैल असेल तरी पडदा काळाच राहतो.

बहिणीकडचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा होता, आणि मदरबोर्डावर एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट हे दोनच पोर्ट होते, म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावलेला होता. व्हीजीए ही आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली जोडणी आहे आणि तिच्यातून चढउतार होणारे अखंड संकेत जातात, तर एचडीएमआयमधून अंकीय संकेत येतात. त्यामुळे हा कन्व्हर्टर नुसता तारा जोडणारा तुकडा नसतो, त्याच्या पोटात चिप असते आणि तिला वीज लागते. ती वीज एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेतली जाते, ज्यावर पोर्टाने किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढेच बंधन आहे. चिपची भूक त्याहून जास्त असली तर काही पोर्ट ती भागवतात, काही भागवत नाहीत, आणि जो पोर्ट काठावर असतो तो कधी भागवतो, कधी नाही. वीज कमी पडली की मॉनिटरची ओळख सांगणारी माहिती, जिला ईडीआयडी म्हणतात, संगणकापर्यंत पोहोचत नाही आणि तो मॉनिटर जोडलेलाच नाही असे गृहीत धरतो. केबल काढून लावली की नवा प्रयत्न होतो आणि चित्र येते. शेजारी यूएसबीची वीजजोडणी असलेला कन्व्हर्टर आणून ती जोडणी यूएसबी पोर्टला दिल्यावर हा प्रकार थांबला.

कन्व्हर्टरबाबत आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी पाहावी. डिस्प्लेपोर्टाकडून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारे साधे, स्वस्त कन्व्हर्टर बहुतेक पोर्टांवर चालतात, कारण तो पोर्ट गरजेनुसार एचडीएमआयचे संकेत स्वतःच देऊ शकतो. तेच उलट दिशेने, एचडीएमआयच्या पोर्टाकडून डिस्प्लेपोर्टाच्या मॉनिटरकडे, चालत नाहीत. त्या दिशेला चिप आणि वीज दोन्ही असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन्ही टोकांचे आकार जुळले म्हणून तो उलटा वापरता येईल असे समजू नये.

डिस्प्लेपोर्टाच्या स्वस्त केबलींमध्ये एक छुपा दोष आढळतो. या जोडणीतील विसावी पिन ३.३ व्होल्टची असते आणि प्रमाणित केबलमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलेली नसावी असा नियम आहे. काही उत्पादक ती जोडतात. मग संगणक बंद असतानाही मॉनिटरकडून ग्राफिक्स कार्डात वीज शिरत राहते, आणि पुढच्या वेळी बटण दाबल्यावर यंत्र अर्धवट जागे होऊन अडते. मॉनिटरची केबल काढल्यावर संगणक सुरू होत असेल आणि केबल लावून बंद ठेवल्यावर पुन्हा अडत असेल, तर केबल बदलण्यापूर्वी दुसरे काहीही बदलू नये.

चित्र येते पण वरच्या दर्जाला गेल्यावर मधूनच जाते, ही तक्रार केबलच्या वहनक्षमतेची असते. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर केवळ ठिपक्यांचाच भार सुमारे १२ गिगाबिट होतो. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट असल्याने ती जोडणी ३० वेळांवर थांबते, आणि ६० साठी १८ गिगाबिटांची २.० लागते. केबल जुनी असेल तर दोन्ही टोकांची यंत्रे नवी असूनही पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो.

फार जुने ग्राफिक्स कार्ड नव्या मदरबोर्डावर लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की त्यात नव्या यूईएफआय पद्धतीने चित्र काढणारा भाग नसेल आणि बायोसमधील सीएसएम ही जुन्या पद्धतीची सोय बंद असेल, तर कार्ड निर्दोष असूनही विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळा राहतो किंवा मदरबोर्ड पुढेच जात नाही.

बहिणीच्या संगणकावर एक्सएमपी बंद करून आम्ही दोन्ही स्टिक २६६६ वर ठेवल्या, म्हणजे दोन वाहिन्यांचा मिळून वेग सेकंदाला सुमारे ४२.७ जीबीवर आला. महिनाभर कागदावर एकही नवी नोंद झाली नाही. भाच्याची कुरकुर मात्र चालूच होती, म्हणून वेग हाताने २९३३ वर नेला, दाब १.३५ व्होल्ट ठेवला, रात्रभर मेमटेस्ट चालवला आणि त्यानंतर सलग आठ दिवस सकाळी, यंत्र पूर्ण थंड असताना, ते सुरू होते का हे त्यालाच पाहायला सांगितले. आठही दिवस डिस्प्ले पहिल्याच प्रयत्नात आला आणि संगणक आता त्याच वेगावर आहे.